तीन मिनिटं आणि चार तास

माझ्या उशाशी सध्या दोन पुस्तकं आहेत. एकात, कर्नलसाहेबांच्या घरातल्या पुस्तकांच्या खोलीत सकाळी सकाळी एका अनोळखी मुलीचं प्रेत सापडलंय. दुसऱ्यात, रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या जपानमधल्या एका शाळेत पोरं डबा खायला बसलीयत. दुसरं पुस्तक संध्याकाळी साडेसातला उघडतं, कारण त्या वेळी बेंगळुरूहून नातीचा व्हिडिओ कॉल येतो. पहिलं रात्री, मागचं सगळं आवरून झाल्यावर.

मुलगी परवा म्हणाली, "आई, काय हे तुझं वाचन? एक तर खून, नाही तर पहिली-दुसरीची पोरं." तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर चटकन देता आलं नाही. गेलं वर्षभर मी हेच वाचतेय आणि इतकं मन लावून कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं. तिला फोनवर सांगता आलं नाही ते इथे लिहून बघते.

आधी नोकरीबद्दल सांगायला हवं. मी कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. १९७५ साली लागले तेव्हा बाहेरगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल बुक करायचा. साधा, अर्जंट, लाइटनिंग. ठरावीक माणसाशीच बोलायचं असलं तर पीपी. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. बोलणं सुरू झालं की डोळे घड्याळावर, आणि वेळ भरली की मध्येच सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का?" मुलगा झाल्याची बातमी असो नाहीतर बाप गेल्याची, तीन मिनिटं तीच. लाइनवर जे कानावर पडेल ते तिथेच ठेवून घरी यायचं, हा नियम मी आजवर पाळलाय. पण कान मात्र तयार झाले. "सगळं ठीक आहे ना?" असं कोणी विचारलं आणि पलीकडून "हो" आलं, की ते हो खरं आहे की नुसतं काळजी करू नये म्हणून म्हटलेलं, हे त्या एका अक्षरावरून कळायला लागलं.

रहस्यकथांची गोडी त्याच्याही आधीची. थोरला भाऊ गल्लीतल्या भाड्याच्या लायब्ररीतून बाबुराव अर्नाळकर आणायचा. वडिलांना ते चालायचं नाही, म्हणून पुस्तक ज्वारीच्या पोत्यामागे. भावाचं वाचून झालं की ते परत करायच्या आधीचा तासभर माझा. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. शेवटची चार पानं राहिली असताना भाऊ पुस्तक हातातून ओढून घेऊन लायब्ररीकडे पळायचा, आणि मग ती चार पानं मी रात्रभर मनातल्या मनात लिहायची. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. शिकलेल्या घरांतून त्यांना वाङ्मय म्हणायची पद्धत नव्हती, आमच्या वडिलांचंही तेच मत. मला ते कधीच पटलं नाही. पुस्तक हातातून सोडवत नाही म्हणजे काय, हे मला आणि माझ्यासारख्या कितीतरी पोरांना पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं, आणि पुढे जे जे वाचलं ते त्या भुकेच्या जोरावर वाचलं.

मग नोकरी, संसार, पाळीच्या ड्यूट्या. वाचन होत राहिलं, पण तुकड्यातुकड्यांनी. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तोवर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ऑपरेशन झालं आणि काही दिवस वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते, ते बघून आमच्या ह्यांनी वाचून दाखवायचं कबूल केलं. ह्यांनी आयुष्यभर पेपर सोडून काही वाचलेलं नव्हतं. करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन काय आणावं हे त्यांना सुचेना, म्हणून ओळखीचं नाव बघून पुस्तक उचललं. मधुकर तोरडमल! 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधले प्रोफेसर बारटक्के ह्यांनी पूर्वी नाटकात बघितलेले. तोरडमलांनी अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद केले आहेत, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही नव्याने कळलं.

दुपारी चहा झाला की वाचन सुरू. पहिले दोन दिवस अडखळत, मग ह्यांना लय सापडली. इन्स्पेक्टरचा आवाज वेगळा, मोलकरणीचा वेगळा. तिसऱ्या दिवशी माझ्या एक लक्षात आलं. एका पात्राचं नाव आलं की ह्यांचा आवाज सपाट होत होता. बाकीच्यांची बोलणी हावभावासकट, आणि हा माणूस आला की आकाशवाणीच्या बातम्या. मी डोळे मिटूनच म्हटलं, "तुम्ही शेवट वाचून ठेवलाय."

"नाही गं."

तसले 'नाही' मी तीस वर्षं ऐकलेत. खुनी कोण ते मला त्या दुपारी कळलं, आणि तरी मी त्यांना पुस्तक संपेपर्यंत वाचू दिलं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर ह्यांनी माझ्यासाठी पहिलं पुस्तक वाचलं होतं. ते अर्ध्यावर कशी सोडणार?

डोळे आले तशी मी वाचन मंदिराच्या पायऱ्या स्वतः चढायला लागले. ही संस्था १८५० सालची. पौणेदोनशे वर्षं माणसं इथे पुस्तकं बदलून नेतायत या विचाराने मला दर वेळी बरं वाटतं. ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल माझ्या खऱ्या अर्थाने ओळखीची झाली ती इथे. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात एकटी राहणारी, लग्न न केलेली म्हातारी. आधी ती लघुकथांत आली आणि १९३० साली पहिल्यांदा अख्ख्या कादंबरीत. हातात विणकाम, दाराशी बाग, आणि गल्लीत कोण कधी गेलं-आलं याच्यावर नजर. कसलाही गुन्हा समोर आला की तिला गावातलं कोणीतरी आठवतं. अमका माणूस तमक्या दुकानातल्या पोऱ्यासारखा वागतोय, ही बाई आपल्या गावातल्या त्या बाईसारखं बोलतेय. तिच्याजवळ प्रयोगशाळा नाही, भिंग नाही. माणूस इथूनतिथून सारखाच असतो एवढं तिला पक्कं ठाऊक आहे, आणि ते ज्ञान तिने पन्नास-साठ वर्षं आपल्या खिडकीत बसून गोळा केलंय.

मला तिच्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की लोक तिच्यासमोर मोकळेपणी बोलतात. पोलिसांपुढे तोंड न उघडणारी माणसं लोकरीचा गुंडा घेऊन बसलेल्या म्हातारीसमोर सगळं ओकतात, कारण तिला कोणी मोजतच नाही. मी हे जगलेय. एक्स्चेंजमध्ये आम्ही लाइनवर आहोत हे बोलणाऱ्यांना माहीत असायचं आणि दोन वाक्यांत ते विसरून जायचे. आता साठी-सत्तरी उलटल्यावर पुन्हा तसंच होतंय. दुकानात माझ्यामागून आलेल्या मुलाला आधी विचारलं जातं. दवाखान्याच्या बाकावर दोघी नणंदा-भावजया माझ्या डोक्यावरून वाटणीचं बोलत राहतात. सुरुवातीला मला ते लागायचं. मार्पल वाचायला लागल्यापासून मी त्या बाकावर निवांत बसते. एवढं स्वच्छ दिसणारी जागा तरुणपणी मला कधी मिळाली नव्हती.

इंग्रजीत असल्या पुस्तकांना कोझी मिस्टरी म्हणतात. मी त्यांना वाकळेतल्या रहस्यकथा म्हणते. आमच्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तिची ऊब दुकानातल्या ब्लँकेटला येत नाही. या कथांत खून होतो तो बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांआड. रक्ताचं वर्णन नाही. गाव लहान, माणसं मोजकी, चहा पुष्कळ. आणि शेवटी जे विस्कटलं होतं ते पुन्हा जागच्या जागी लागतं.

पण झोपताना खुनाचं का वाचायचं? मुलीच्या प्रश्नाचा खरा रोख तोच होता. बाळा, या वयात मरण हा रोजचा शब्द होतो. सकाळी पेपर आला की ह्यांच्या आणि माझ्या हाताआधी डोळे निधनवार्तांकडे जातात. एक्स्चेंजमधल्या आमच्या बॅचच्या नऊजणींपैकी चौघी राहिलोय. खऱ्या जगात माणूस गेलं की तेराव्यापर्यंत सगळे येतात, विचारतात, आणि मग विषय संपतो. या कथांत तसं होत नाही. गेलेली व्यक्ती कोणी का असेना, शेवटच्या दिवशी ती कुठे गेली, कोणाशी बोलली, कपात चहा किती उरला होता, हे कोणीतरी चिकाटीने शोधून काढतं. एका माणसाच्या जाण्याकडे इतकं लक्ष दिलेलं मला रात्री वाचायला मिळतं आणि मला शांत झोप लागते.

टॅबवर अक्षर मोठं करता येतं हे कळल्यावर इंग्रजीही वाचायला लागले. अलेक्झांडर मॅक्‌कॉल स्मिथ यांची 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' ही १९९८ ची कादंबरी मुलीनेच घालून दिली. बोत्स्वाना देशातली प्रेशस रामोत्स्वे ही बाई वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकते आणि त्या पैशातून गाबोरोन शहरात डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. वडील दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबलेले, मिळेल तो पैसा त्यांनी गुरांत घातलेला. एजन्सीची मालमत्ता म्हणजे एक छोटी पांढरी व्हॅन, दोन टेबलं, दोन खुर्च्या, टेलिफोन, जुना टाइपरायटर आणि चहाची किटली. ती यादी वाचून मी पुस्तक छातीशी धरलं. बापाच्या जनावरांवर उभी राहिलेली बाई आमच्या पंचक्रोशीतलीच वाटते. या पुस्तकात खुनांपेक्षा हरवलेली माणसं, फसवणारे नवरे, खोटी नाती असलेच पेच जास्त, आणि बाई घाई करत नाही. आधी चहा टाकते.

रिचर्ड ऑस्मनची २०२० सालची 'द थर्सडे मर्डर क्लब'ही वाचली. वृद्धांच्या वसाहतीतली चौघं दर गुरुवारी जमून जुन्या, न उलगडलेल्या गुन्ह्यांवर डोकं चालवतात. रहस्य मला थोडं पसरट वाटलं. पण त्यातल्या एका बाईच्या नवऱ्याची आठवण हळूहळू पुसली जातेय, आणि ती ज्या पद्धतीने त्याला सांभाळते, तेवढ्यासाठी मी ते पुस्तक दोनदा वाचलं.

सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा या दोन्ही थप्प्यांच्या मधोमध बसतो. लिहिला मुलांसाठी, वाचतात सगळे. मराठीत तो अशोक जैन यांनी आणला. त्यातली एक गोष्ट आपल्या वेरूळला घडते. भुवनेश्वरच्या मंदिरावरचं यक्षीचं मस्तक कोणीतरी तोडून नेतं आणि त्या चोरीचा माग काढत फेलूदा, तोपशे आणि लालमोहनबाबू कैलास लेण्यापाशी येऊन पोचतात. ही गोष्ट मी नातीला सांगितली, सगळी नाही, तिच्या बेताने. तिने विचारलं, "दगडाचं डोकं चोरून काय करणार?" मी म्हटलं, विकणार. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग त्या बाईचं उरलेलं अंग तिथेच?" आम्ही आठजणी ऑफिसतर्फे वेरूळला गेलो होतो, भराभर फोटो काढून परतलो होतो. तुटलेल्या मूर्ती तिथे कितीतरी होत्या. हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही पडला नव्हता.

नात सात वर्षांची आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला कन्नड. मराठी बोलते छान, वाचताना जोडाक्षराशी थबकते. म्हणून साडेसातचं वाचन आम्ही सुरू केलं. पहिलं पुस्तक माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या मालेतलं. चित्रंही त्यांचीच. मी वाचून पान उलटायला लागले की पलीकडून ओरडा, "थांब, माझं बघून झालं नाही!" पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून हात भरून यायचा. तेव्हा मला कळलं की ती चित्र वाचत होती, ओळीसारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी फक्त अक्षरं वाचत होते. पुरंदऱ्यांच्या चित्रातली घरं राहती असतात, पसाऱ्यासकट, आणि माणसं नटूनथटून उभी नसतात. आता मीसुद्धा आधी चित्र बघते, मग ओळ. चष्मा नवा आहेच, बघायची पद्धतही नवी झाली.

बालभारतीने 'किशोर' मासिकाचे जुने अंक सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुले केलेत. हे मासिक नोव्हेंबर १९७१ ला सुरू झालं. माझ्या मुलीने वाचलेले अंक आता तिची मुलगी ऐकते, आणि मध्येच स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज येतो, "ही मला आठवतेय!"

मे महिन्यात नात इकडे आली होती तेव्हा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढला. बनेश फेणे, काटकुळा, सायकलवर उडणारा, 'ट्टॉक' करणारा. गाव फुरसुंगी, शाळा पुण्याची विद्याभवन. तिला वाटलं होतं फुरसुंगी हे गोष्टीतलं नाव. त्याच सुटीत एका लग्नासाठी आम्ही कोयना एक्सप्रेसने पुण्याला निघालो. मिरज मागे पडलं, सातारा मागे पडलं, आणि पुणं जवळ यायला लागलं तशी मी तिला खिडकीशी बसवलं. गाडी तिथे थांबली नाही. पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं डोळ्यांसमोरून झर्रकन गेली, पण तेवढ्यात पोरीने ती वाचली. जोडाक्षर नाही ना त्यात! "फु-र-सुं-गी!" डब्यातली माणसं वळून बघायला लागली. पुण्यात उतरेपर्यंत ती प्रत्येक सायकलवाल्याकडे बघत होती.

मधल्या काळात मी 'वनवास' पुन्हा वाचलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. पूर्वी वाचलं तेव्हा मी सबंध पुस्तकभर लंपनच्या अंगात होते, त्याला घराची आठवण आली की मला यायची. या वेळी मी आजीच्या शेजारी जाऊन बसले. तो बाहेर उंडारायला गेला की माझा जीव दाराशी. पुस्तक तेच, घर तेच, मी फक्त ओसरीवरून आत स्वयंपाकघरात गेले होते.

आणि आता 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहिलेलं, जपानीत १९८१ साली आलेलं. मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी आणलं, प्रकाशक नॅशनल बुक ट्रस्ट. खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारते म्हणून पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी तोमोई नावाच्या नव्या शाळेत येते. मुख्याध्यापक कोबायाशी तिच्या आईला घरी पाठवतात, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात आणि म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सगळं सांग. ती बोलते. आगगाडीबद्दल, जुन्या शाळेतल्या बाईंबद्दल, कुत्र्याबद्दल, नाकाबद्दल. बोलायचं संपतं तेव्हा चार तास झालेले असतात. त्या चार तासांत ते एकदाही जांभई देत नाहीत.

हे प्रकरण मी नातीला वाचून दाखवलं, कॉल संपला आणि मी तशीच बसून राहिले. चार तास! मी तीस वर्षं लोकांना तीन मिनिटं मोजून दिली. तो माझ्या कामाचा भाग होता, त्यात माझी चूक नव्हती, हे मला कळतं. पण घरी आल्यावर माझी स्वतःची मुलगी शाळेतलं सांगायला लागली की मी कणीक मळता मळता "हं, पुढे?" म्हणायचे, तेव्हाही आतलं घड्याळ चालूच असायचं. ते मी तिला परवा सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला 'पुढे?' एवढंच आठवतंय. तू विचारायचीस हे आठवतंय."

त्या शाळेत डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं जमिनीवरचं आणायचं असा नियम होता. नातीने आपला डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. लिंबू घातलेला भात. "आजी, समुद्र कुठाय यात?" मी विचार करत होते तोवर तिनेच शोधून काढलं. "मीठ!"

पुस्तकाची आता थोडीच पानं राहिलीत. १९४५ साली तोक्योवर बॉम्ब पडले आणि तोमोई जळून गेली, डबे, वर्ग, सगळं. मला ते माहीत आहे. काल एक प्रकरण वाचलं. त्यात तसं काही नव्हतं, पोरं नेहमीसारखी खेळत होती, आणि मी नेहमीसारखं वाचत होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. मध्येच तिने मला थांबवलं.

"आजी, पुढे काहीतरी वाईट आहे ना?"

"नाही गं."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली, नुसते डोळे दिसत होते.

"आहे," ती म्हणाली. "तू शेवट वाचून ठेवलायस."

शेजारच्या खुर्चीत हे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.